कॉफी कुणाची?

रमजानच्या आधी पुण्याच्या मार्केट यार्डात खजूर आणि सुका मेवा घ्यायला जायचा आमच्या घरचा रिवाज आहे. एका वर्षी भुसार विभागातल्या दुकानात जायफळ घेताना व्यापाऱ्याने विचारले, "कॉफीत घालायला का?" मी हो म्हणालो. तो हसला, "इंग्रज गेले, कॉफी ठेवून गेले." सोबतच्या मामूंना ते खपले नाही. "इंग्रजांची कसली? आमच्या बाबा बुढन यांनी हजहून येताना आणली. सात बिया, पोटाला बांधून!" दोघेही अगदी ठाम होते. घरी आल्यावर मी दोघांचेही म्हणणे पारखायला बसलो.

व्यापाऱ्याचे म्हणणे लगेच निकालात निघते. सर टॉमस रोबरोबर जहांगीर बादशहाच्या मुलखात आलेला पाद्री एडवर्ड टेरी लिहितो, की इथले धर्मनिष्ठ लोक दारूला शिवत नाहीत, कॉफी पितात. हा काळ १६१६ ते १६१९ चा. पुढे १६९६ आणि १६९९ मध्ये डचांनी जावा बेटावर कॉफीची रोपे नेली, ती मलबारातून. म्हणजे इंग्रजांचे मळे एकोणिसाव्या शतकात उभे राहिले, त्याच्या शतकभर आधी हे झाड आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रुजलेले होते. इंग्रजांनी मळे वाढवले. पेय आणि झाड दोन्ही त्यांच्या आधीची.

मग मामू जिंकले का? तसेही नाही. सात बियांच्या कथेला त्या काळचा लेखी पुरावा नाही. कोणी १६०० साल सांगतो, कोणी १६७०. सात हा आकडाही गोष्टींचा लाडका. मलबारातली रोपे एवढेच सांगतात, की अरबस्तानशी येजा करणाऱ्या कुणीतरी बी आणले. तो फकीर असेल, तांडेल असेल, व्यापारीही असेल.

दुसऱ्यांच्या दंतकथा मात्र आपण हौसेने खोडतो. शेळ्यांना नाचताना पाहून कॉफी शोधणारा गुराखी रोममध्ये १६७१ साली छापलेल्या एका लॅटिन पुस्तकात पहिल्यांदा भेटतो. काल्दी हे त्याचे नाव तर त्याहून पुढचे. पोप आठवे क्लेमेंट यांनी कॉफीला 'बाप्तिस्मा' दिला, यालाही समकालीन आधार नाही. हाच काटा आपल्या कथेलाही लावायला हवा.

पक्के आहे ते असे. झाड मूळचे इथिओपियाच्या रानातले. पेय म्हणून ते पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींमध्ये रूढ झाले; रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून. 'कहवा' हा शब्द अरबीत आधी मद्यासाठीही वापरला जाई, त्यामुळे नावापासूनच संशय चिकटला. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने उलेमांना जमवले, हकिमांची साक्ष घेतली, कॉफी हराम ठरवली आणि साठे जाळले. कैरोहून सुलतानाचा हुकूम आला तो मवाळ होता: गोंगाटाच्या बैठका बंद करा, पेयावर सरसकट बंदी नाही. वाद पुढेही चालला. १५८७ च्या सुमारास अब्दुल कादिर अल-जझीरी यांनी कॉफीच्या बाजूने आख्खा ग्रंथ लिहिला. तेव्हा हराम म्हणणारे आपले होते आणि हलाल म्हणणारेही आपलेच. नवी वस्तू दिसली की फतवा विचारायला धावणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे.

राज्यकर्त्यांना भीती कॉफीची नव्हती, कॉफीभोवती बसून बोलणाऱ्यांची होती. सुलतान चौथ्या मुरादने १६३३ मध्ये कहवाखाने बंद केले. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये तेच फर्मान काढले आणि लोक खवळल्यावर काही दिवसांतच मागे घेतले.

थोडे गैरसमज स्वयंपाकघरातलेही. 'मोका' म्हणजे चॉकलेट नव्हे. मोखा हे येमेनचे बंदर, आणि तिथे कॉफी पिकत नसे, डोंगरातून येई. काळीकुट्ट भाजलेली कॉफी जास्त तरतरी देते, हेही खरे नाही. कडूपणा भाजण्याचा, तरतरी कॅफीनची. कॉफीत मिसळतात ती चिकोरी म्हणजे युनानी हकिमांची कासनी. तिच्या मुळांत कॅफीन नसतेच. आणि आपण मराठी माणसे झोप घालवणाऱ्या कॉफीत झोप आणणारे म्हणून नावाजलेले जायफळ किसतो!

राहिला बाबा बुढन यांचा डोंगर. चिकमगळूर जिल्ह्यातल्या त्या गुहेला मुसलमान दादा हयात मीर कलंदर यांचे ठिकाण मानतात, हिंदू दत्तात्रेयाचे पीठ. नावातही दोघे एकत्र आहेत, तरी गेली कित्येक दशके तिथे वाद आणि कोर्टकज्जे चालू आहेत. एकनाथांच्या चरित्रकथेत दत्त मलंगाच्या वेषात भेटतो, हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या वादाचे जास्तच वाईट वाटते.

पुढच्या रमजानला मी त्या दुकानात पुन्हा गेलो. मामूही होते. मार्केट यार्डाला ज्या शिवाजी महाराजांचे नाव आहे, त्यांच्या ताब्यातल्या कोकणच्या बंदरांतून मोख्याला जहाजे जात, असे इंग्रज वखारीच्या पत्रांत आहे, हे मी दोघांना सांगितले. व्यापारी तराजू थांबवून म्हणाला, "मग ही कॉफी कुणाची?" उत्तर मामूंनी दिले, "पाजेल त्याची. मागव तीन."