क्षयाला आवाज मिळाला तेव्हा

एखादा तरुण बँड आज स्वतःच्या आजाराचं नाव घेऊन गातो, तेव्हा ते आपल्याला आताच्या पिढीच्या मोकळेपणाचं लक्षण वाटतं. मला मात्र त्या गाण्याचं एक जुनं मूळ दिसतं. ते आहे सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गायकांच्या क्षयावरच्या ग्रामोफोन तबकड्यांत. त्याआधी क्षयाला संगीतात जागा नव्हती असं नाही. वेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' (१८५३) या ऑपेरातली व्हायोलेता आणि पुच्चिनीच्या 'ला बोएम'ची (१८९६) मिमी, दोघीही क्षयानेच मरतात. पण हे मरण बाहेरून पाहिलेलं आहे. त्यात हळवेपणा आहे, सौंदर्य आहे, आणि ते गाणाऱ्या गायिकेची छाती ठणठणीत लागते. आजार अंगावर घेऊन महिनोन् महिने काढायचे म्हणजे काय, हे त्यातून कळत नाही. रॉबर्ट कॉखने १८८२मध्ये क्षयाचा जंतू शोधला आणि हळूहळू हळवेपणाची जागा भीतीने घेतली. रुग्णापासून लोक चार हात लांब राहू लागले.

ही लांब सरकलेली माणसं टेक्ससच्या व्हिक्टोरिया स्पायव्हीने १९२७मधल्या 'टी.बी. ब्लूज'मध्ये गाण्यात आणली. तिच्या गाण्यात जंतूपेक्षा एकटेपण जास्त बोचतं: तब्येत धड होती तोवरचे सोबती आता फिरकत नाहीत. दक्षिणेत तेव्हा कृष्णवर्णीयांमध्ये क्षयाने मरणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट होतं आणि आरोग्यधामांची दारं त्यांच्यासाठी बहुधा बंदच असत. स्पायव्ही स्वतः काही क्षयरोगी नव्हती, मग ऑपेरातल्या गायिकेहून ती वेगळी कशी, असं कोणी विचारेल. फरक गाणं कोणासाठी आहे यात आहे. तिची तबकडी ज्या घरांत वाजत होती, त्याच घरांत हा रोग होता. ऐकणाऱ्याला नायिकेची कीव करायची नव्हती. त्याला त्यात आपलंच घर ओळखू येत होतं.

मिसिसिपीतल्या मेरिडियनच्या जिमी रॉजर्सच्या बाबतीत हा आडपडदाही उरत नाही. तो रेल्वेत ब्रेकमन होता, १९२४मध्ये त्याला क्षयाचं निदान झालं आणि १९२७च्या ऑगस्टमध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टलला त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. म्हणजे त्याची सगळी ध्वनिमुद्रित कारकीर्द निदानानंतरची. त्यात त्याची ओळख कसली, तर योडेलची: छातीतल्या स्वरावरून क्षणात वरच्या पातळ स्वरावर उडी घेणाऱ्या गायकीची. ज्या फुप्फुसांना रोग पोखरत होता, त्यांच्याच जिवावर ही गायकी उभी होती. १९३१मध्ये त्याने स्वतःचा 'टी.बी. ब्लूज' गायला. झुंज चालू आहे, पण ती जिंकणं कठीण आहे, हे त्यात तो लपवत नाही. पुढच्याच वर्षीच्या 'व्हिपिन दॅट ओल्ड टी.बी.'मध्ये मात्र तो रोगाला नमवल्याची ग्वाही देतो. ही ग्वाही खरी नव्हती, म्हणून कोणी त्याला अप्रामाणिक ठरवेल. मला उलट वाटतं. दीर्घ आजारात माणूस एक दिवस हरलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी बरा होणारच असतो. दोन्ही गाणी शेजारी ठेवली की हे दोन दिवस ऐकू येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रॉजर्सचा 'टी.बी. ब्लूज' रचण्यात टेक्ससच्या तुरुंगातल्या एका कैद्याचा वाटा होता, आणि तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीसाठी ही सारी विक्रीची वस्तू होती. मग हे दुःख त्याचं म्हणायचं कसं? शब्द उसने असतील, पण श्वास उसना घेता येत नाही. पैशाचं म्हणाल, तर गाणं हाच त्याचा रोजगार होता. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३मध्ये. विश्रांती, स्वच्छ हवा आणि सकस आहार हेच मुख्य उपचार, आणि विश्रांती घ्यायची तर कमाई थांबायची. आजारी माणसाने पैशासाठी गाणं हा आजारासोबत जगण्याचाच भाग होता, आणि म्हणून मला त्या तबकड्यांचा बाजारूपणा त्यांच्या खरेपणाच्या आड येताना दिसत नाही.

१९३३च्या मे महिन्यात तो शेवटचं ध्वनिमुद्रण करायला न्यूयॉर्कला गेला. स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकली होती. एक गाणं झालं की तो तिच्यावर पडून राही, मग पुढचं. १७ ते २४ मे या आठवड्यात त्याने बारा गाणी दिली. २६ मे रोजी, वयाच्या ३५व्या वर्षी, तो गेला. त्या बारांत प्रेमपत्रं आहेत, गुराखी आहे, साखळदंडातून सुटलेला कैदी आहे, मिसिसिपी आहे. क्षयावरचं गाणं एकही नाही.