साधी राहणी आणि निष्काम सेवा : आपल्या परिसरातील दोन सेवाव्रती

आपल्या हिंदू धर्मात परमार्थाचे मार्ग अनेक सांगितले आहेत. जप आहे, तप आहे, तीर्थयात्रा आहे. परंतु फळाची आशा न धरता कर्म करावे, ही श्रीमद्भगवद्गीतेची शिकवण साधुसंतांनी सामान्य प्रापंचिकाच्या दारात आणून ठेवली. देहूच्या श्री तुकाराम महाराजांच्या घरी पिढीजात सावकारी होती. महाराजांनी कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या बंधूंचा हिस्सा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते आणि भीमामाई शिरूर व दौंड तालुक्यांच्या शिवेवरून पंढरीकडे जाते. तुकोबारायांची पालखीही उरुळी कांचनवरून यवत, वरवंड असे मुक्काम करीत दौंड तालुक्यातून जाते.

हा वारसा केवळ पोथीत राहिला नाही. याच परिसरात अलीकडच्या काळात दोन थोर पुरुष होऊन गेले. दोघेही बाहेरून आले, दोघेही उच्चशिक्षित होते, आणि आले ते कायमचे इथलेच झाले.

पहिले श्री. मणिभाई देसाई. दौंड तालुक्याच्या शिवेलगत, हवेली तालुक्यात उरुळी कांचन हे गाव आहे. मार्च 1946 मध्ये महात्मा गांधी तेथे आले. माती, पाणी, सूर्यप्रकाश, साधा आहार आणि रामनाम या साधनांनी त्यांनी गोरगरीब रुग्णांवर उपचार सुरू केले. त्यातूनच निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. गांधीजी थोड्याच दिवसांत पुढील कार्यासाठी निघून गेले. मागे राहिले ते सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचे, विज्ञानाचे पदवीधर असलेले तरुण मणिभाई. त्यांचे वय त्या वेळी अवघे 25 वर्षांचे. हे काम आयुष्यभर करीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला.

मणिभाई अविवाहित राहिले. रुग्णसेवेपुरतेच न थांबता त्यांनी शेती व गोपालन हाती घेतले. रोगी बरा होऊन घरी गेला, परंतु घरात दूध नाही, धान्य नाही, तर तो पुन्हा आजारी पडणारच, हे खेड्यात राहणाऱ्यास उमगल्याशिवाय राहत नाही. 1967 साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचवून संकरित गाई वाढविण्याचे मोठे काम या संस्थेने केले. जिरायत शेतकऱ्याच्या घरात दुधाचा पैसा येऊ लागला. 1968 साली पद्मश्री व 1982 साली मॅगसेसे पुरस्कार असे मान त्यांना मिळाले. 1993 साली त्यांचे निधन झाले. दिलेला शब्द त्यांनी 47 वर्षे पाळला.

दुसरे डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टरेट आणि मुंबईत हिंदुस्थान लिव्हरमधील मोठ्या हुद्द्याची नोकरी, असे त्यांचे स्थान होते. वयाची पन्नाशी उलटल्यावर माणूस निवृत्तीचा हिशेब मांडू लागतो. डॉक्टरांनी त्या वयात शिरूर तालुक्यातील पाबळ हे अवर्षणग्रस्त गाव निवडले आणि 1983 साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. सौ. मीराताईंनीही या कार्यात त्यांना साथ दिली.

विज्ञान म्हणजे सत्याचा शोध आणि आश्रम म्हणजे साधी राहणी व उच्च विचार, असा त्या नावाचा अर्थ डॉक्टर सांगत. शाळेत नापास झालेली, शिक्षण सोडलेली मुले तेथे दाखल होत. वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती, पशुपालन, आरोग्य ही कामे हाताने करीत मुले वर्षभर शिकत. तेथील घुमटाकार घरे मुलांच्याच हातची. हाताला काम मिळाले की बुद्धीही चालू लागते, हे डॉक्टरांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. ज्यांच्यावर ‘नापास’ हा शिक्का बसला होता, त्यांतील कित्येक स्वतःचा धंदा करू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आश्रमातील मुले गावात जी कामे करीत, त्यांचा मोबदला घेतला जाई. निष्काम सेवा म्हणजे फुकट काम नव्हे. काम चोख करावे, त्याचा हिशेब चोख ठेवावा, आणि त्याच्या फळावर स्वतःचा हक्क सांगू नये, हा गीतेचा अर्थ पाबळच्या माळावर कृतीत उतरला. डॉ. कलबाग 2003 साली निवर्तले. आश्रमाचे कार्य मात्र पुढे चालू राहिले.

साधी राहणी ही दाखविण्याची वस्तू नव्हे. स्वतःच्या गरजा कमी केल्या की वेळ, पैसा आणि मन दुसऱ्यासाठी मोकळे होते, हेच तिचे प्रयोजन. पूर्वीचे साधक घर सोडून वनात जात. या दोघांनी शहर सोडले आणि ते गावात आले. त्यांचा त्याग सोडून जाण्यात जितका होता, त्याहून अधिक तो वर्षानुवर्षे एका ठिकाणी टिकून राहण्यात होता.

आज आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत आहे. कोणी देणगी दिली, कोणी श्रमदान केले. कळस चढविण्याच्या दिवशी सारा गाव जमतो. परंतु त्यानंतरच्या साध्या दिवशी पहाटे गाभारा झाडणारा, यात्रेकरूला पाणी देणारा, जमाखर्चाची वही नीट ठेवणारा कोणी असेल, तरच देवालय जिवंत राहते. असे हात आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या निपजोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.