सालदार: एका शब्दाची कुळकथा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी खान्देशात पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्या तोंडावर डांगर (खरबूज) ठेवतात. त्याच दिवशी जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर आणखी एक बैठक बसते. जुन्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल सरतं, हिशेब होतो, नव्याचा बोल ठरतो.

शब्द फारसी वळणाचा. साल म्हणजे वर्ष, ‘दार’ म्हणजे धारण करणारा. जहागीर धरतो तो जहागीरदार, वतन धरतो तो वतनदार. सालदार त्याच घराण्यातला. पण त्याच्या हाती धरायला काही नसे, सालच त्याला धरून ठेवी. पहाटे ढोरांचं चारापाणी, दिवसभर वखर-पाभर, रात्री पिकाची राखण. लग्नाला नाहीतर दुखण्याला घेतलेली उचल वर्षअखेर फिटत नसे. मग बाकी फेडायला पुढचं सालही त्याच मालकाकडे.

असं धरून ठेवलेल्या माणसांचं बंड म्हटलं की एक सिनेमा आठवतो. १९६० साली स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘स्पार्टाकस’ आला. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआच्या ग्लॅडिएटरांच्या तालमीतून निसटलेल्या स्पार्टाकस आणि त्याच्या सोबतच्या गुलामांचं बंड त्यात आहे. रोमने अखेर सुमारे ६००० जणांना रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवलं. रोमन गुलाम बाजारात विकला जाई. सालदाराला कुणी विकत घेतलं नव्हतं. त्याची बेडी मालकाच्या वहीत होती, बाकीच्या आकड्यात. त्यामुळे त्याच्या बंडाला तलवार लागली नाही, हिशेब मागावा लागला.

तो मागितला शहाद्याने. शहादा आज नंदुरबारात आहे, तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. भिल्ल समाजातले अंबरसिंग सुरतवंती गावोगाव फिरले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. कर्जापायी गेलेल्या जमिनी लोकांनी परत मागितल्या, तशी सालदाराची वाजवी मजुरी आणि सुट्टीही. बायांनी दारूची मडकी फोडली. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीच बेकायदा ठरवली.

सिनेमात पकडलेले गुलाम एकेक करून उठतात आणि स्वतःलाच स्पार्टाकस म्हणवतात. शहाद्याचे सालदारही असेच एकामागून एक उठले. आखाजीच्या ओट्यावर आज सालदार आपला भाव स्वतः सांगतो, पटला नाही तर उठून जातो. ते उठून जाणं त्याच्या बापजाद्यांच्या नशिबी नव्हतं. शब्द तोच राहिला. साल मात्र आता त्याचं स्वतःचं आहे.