अमूर्ताची रुची : गोंडवनाच्या साक्षीने

अमूर्त चित्रासमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाचा पहिला उद्गार बहुधा 'आवडले' किंवा 'काहीच वाटले नाही' असा असतो. समीक्षा हा उद्गार अप्रस्तुत मानून पुढे जाते. त्याला कलाविचारात काही स्थान आहे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

मराठीत या प्रश्नाची तात्त्विक पूर्वतयारी मर्ढेकरांनी केली. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील संवाद, विरोध आणि समतोल या लयींची मांडणी प्रतिरूपणावर अवलंबून नाही. रंगारंगांतील संबंध हेच चित्राचे सत्त्व ठरल्यावर चित्रात वस्तू असण्याची आवश्यकता उरत नाही. परंतु या मांडणीत व्यवहारातील भावनेला दुय्यम स्थान मिळाले आणि प्रेक्षकाच्या व्यक्तिगत रुचीचे काय करायचे, हे अनुत्तरित राहिले. पुढे रा. भा. पाटणकरांनी कांटच्या सौंदर्यविचाराचे सविस्तर विवेचन मराठीत केले (१९७७). जे केवळ सुखद आहे त्याबाबत 'मला आवडते' एवढे म्हणणे पुरेसे असते. 'सुंदर आहे' असे म्हणणारा मात्र इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो, आणि तीही कोणत्याही संकल्पनेच्या आधारावाचून. अमूर्त चित्राने ही अपेक्षा अधिकच अवघड केली. कारण विषयाच्या ओळखीतून मिळणारा सामाईक आधारही त्याने काढून घेतला.

या अडचणीचा विचार करताना मध्यप्रांताच्या जंगलाकडे वळणे उपयोगी ठरते. सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचा जन्म मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथला. वडील वनखात्यात होते. चांदा आणि मंडला हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच प्रांतात होते आणि दोन्हींच्या अरण्यांत गोंडांची वस्ती होती. रझांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत अरण्यातील रात्रीचे भय, गोंडांच्या नृत्यामुळे मिळणारा मानवी दिलासा आणि पहाटेबरोबर परतणारी निर्धास्तता यांचा उल्लेख केला आहे. १९८०च्या सुमारास त्यांच्या चित्रांत केंद्रस्थानी आलेल्या काळ्या बिंदूकडे पाहताना ही आठवण प्रेक्षकाच्या मनात येते. मग प्रतिसाद चित्राला आहे की चरित्राला? मर्ढेकरी भूमिकेतून चरित्र बाजूस सारावे लागेल. परंतु ते सारल्यावर बिंदू तितकाच गडद राहील, याची शाश्वती कोणालाही देता येत नाही.

याउलट वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). जन्म नागपूरचा, कुटुंब मूळचे गोव्याचे. त्यांनी प्रेक्षकाच्या हाती चरित्र दिले नाही आणि बहुतेक चित्रांना शीर्षकही दिले नाही. आपल्या चित्रांना 'अमूर्त' न म्हणता वस्तुनिरपेक्ष म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. वस्तूपासून काही वेगळे काढलेलेच नाही, तर अमूर्तीकरण कशाचे? येथे प्रेक्षक खरोखर एकटा पडतो.

हे एकटेपण अमूर्त रूपाचाच स्वभावधर्म आहे काय? गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरात माडिया गोंडांमध्ये मृताच्या स्मरणार्थ अनघड शिळा उभी करण्याची प्रथा आहे. अशा शिळेवर चेहरा नसतो. तरीही ती कोणाची आहे हे आप्तांना ठाऊक असते, आणि तिच्यासमोरची भावना शब्दांत न सांगताही सामाईक असते. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे महापाषाणीय शिलाप्रकोष्ठ आहे. त्याच्या कर्त्यांशी आजच्या प्रथेचा थेट धागा जोडणे धाडसाचे ठरेल. परंतु दोहोंतील फरक बोलका आहे. हिरापूरच्या शिळांचे आप्त उरलेले नाहीत. म्हणून तेथे आजचा प्रेक्षक केवळ आकारच पाहू शकतो.

विल्हेल्म वॉरिंगर याने १९०८च्या ग्रंथात अमूर्ताची प्रेरणा आदिम मानवाच्या विश्वभयात शोधली होती. रझांच्या आठवणी त्याला पुष्टी देतात असे वाटते. पण त्या आठवणींत दिलासा गोंडांकडूनच येतो. शिवाय अनघड शिळा उभारणाऱ्या या परंपरेला कोरीव लाकडी स्मृतिस्तंभही परके नाहीत. अर्थात प्रतिरूपणाचा त्याग भयातून किंवा अक्षमतेतून झालेला नाही. जेथे नाते पुरेसे आहे तेथे चेहऱ्याची गरज भासलेली नाही. शहरी रसिक त्या शिळेला 'आधुनिक शिल्प' म्हणतो तेव्हा तो आकार उचलतो आणि नाते मागे ठेवतो. ही प्रशंसाच असते, पण ती अपुरी असते.

यातून समीक्षेवर एक जबाबदारी येते. गायतोंडे यांच्या चित्रांतील रोलर व पॅलेट नाइफ यांनी साधलेले रंगांचे पारदर्शक थर छापील प्रतिकृतीत सपाट होतात. मूळ चित्रे मुंबई, दिल्ली, न्यूयॉर्क येथील संग्रहांत आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीचा जो विद्यार्थी लयतत्त्व पुस्तकातून शिकतो आणि प्रतिकृती पाहून 'काही वाटले नाही' म्हणतो, त्याचे विधान अरसिकतेचे नव्हे, अचूक निरीक्षणाचे असू शकते. त्याला अभिरुचिहीन ठरवणारी समीक्षा स्वतःचे काम टाळते. 'मला वाटले' या उद्गारापासून 'तुम्हीही पाहा' या आवाहनापर्यंतची वाट शब्दांनी बांधणे, हे ते काम होय. शिळेभोवती आप्त असतात. चित्राभोवती ते नसतात. समीक्षेला ते घडवावे लागतात.