निकालपत्रावांचून बंदी

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै 1927 मध्यें मुंबईस ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. कामविषयक प्रश्नांवर उघड लिहिल्यामुळें सनातनी मंडळींचा रोष होऊन अश्लीलतेचे खटले झाले. 1934 सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले; तरी 200 रुपये दंड झालाच. निकाल कडू खरा. परंतु आरोप उघड होता आणि वकिलास बोलतां आलें.

2025 चें प्रकरण निराळें. प्रौढांसाठीं विकले जाणारे कांहीं संगणकी खेळ स्त्रियांवरील बलात्काराची करमणूक करतात, ही ‘कलेक्टिव्ह शाउट’ या ऑस्ट्रेलियन संस्थेची तक्रार. ती निराधार नव्हती. पण जुलैंत तिचें खुलें पत्र गेलें तें व्हिसा, मास्टरकार्ड अशा पैसे पोंचविणाऱ्या कंपन्यांकडे! पैशाची वाट अडली तर दुकानच बसतें. त्याच महिन्यांत ‘स्टीम’नें अनेक खेळ काढले, ‘इच’ या दुकानानें तर प्रौढांचें सारेंच साहित्य सूचींतून उतरविलें, निरुपद्रवी कथांसकट. आपण एकाही खेळाची पारख केली नाहीं, असें मास्टरकार्डनें जाहीर केलें. मध्यस्थांनीं मास्टरकार्डचाच नियम दाखविला, असें स्टीमचे चालक म्हणाले. नाशिकच्या घरीं बसून शोधणाऱ्यासही तीं नांवें एकाएकीं दिसेनाशीं झालीं. निकालपत्र मात्र कोणाच्याच हातीं पडलें नाहीं.