ऐंशी रकान्यांचा वारसा

मंडळी, राष्ट्रीय नमुना पाहणीचा (एनएसएस) कच्चा डेटा कधी उघडून बघितलाय? त्याच्या बऱ्याच फेऱ्यांच्या फाइल्स नोटपॅडमध्ये उघडल्या की नुसत्या अंकांच्या ओळी दिसतात. ना कॉमा, ना टॅब, ना कॉलमची नावं. सोबत 'लेआउट' नावाची शीट येते, कितव्या जागेपासून कितव्या जागेपर्यंत काय आहे ते सांगणारी. २७२० हे आकडे घ्या. लेआउट हाताशी असेल तर २७ म्हणजे महाराष्ट्र आणि २००१ च्या जनगणनेच्या क्रमाने २० म्हणजे आपलं नाशिक. नसेल तर ते सत्तावीसशे वीस रुपयेही असू शकतात!

ही तऱ्हा आली पंचकार्डातून. हॉलरिथची कार्डं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरली गेली. १९२८ मध्ये आयबीएमने कार्डावर ८० रकाने केले. जागा मोजकीच, म्हणून प्रत्येक माहितीला तिचा ठरलेला रकाना. महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० मध्ये एनएसएस सुरू झाली ती याच कार्डांच्या जमान्यात. पुढे कार्डं गेली, रकाने राहिले.

'आर'मध्ये अशी फाइल वाचायला रीड डॉट एफडब्ल्यूएफ हे फंक्शन आहे. त्याला रुंद्यांची यादी द्यायची: २, २, ५ वगैरे. नको तो भाग गाळायचा असेल तर रुंदी उणे लिहायची. कोड मात्र अक्षरं म्हणून वाचा, नाहीतर ०१ चा १ होतो. मोठ्या फाइलला वेळ लागतो, तेवढा चहा होतो :-)

खरी गोम पुढे आहे. रुंदी एकाने चुकली तर आर बहुतेक वेळा तक्रारच करत नाही. अंकच ते, निमूटपणे वाचतो. शिवाय ओळीच्या शेवटी 'मल्टिप्लायर' असतो, म्हणजे हे एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने बोलतंय तो आकडा. त्यात दशांशचिन्ह छापलेलं नसतं, म्हणून बऱ्याच फेऱ्यांत १०० ने भागावं लागतं. ते राहिलं तर एका घराची शंभर घरं होतात.

याने काय बिघडतं? पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये एनएसएसच्याच खर्चाच्या आकड्यांवरून भारतातली गरिबी मोजली. १९६०-६१ च्या भावाने ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये ही त्यांची रेषा. तिच्याखाली सुमारे ४० टक्के ग्रामीण जनता निघाली. देशभर वाद झाला. समजा, खर्चाच्या रकान्यातला एक अंक सुटला असता तर १५० रुपयेवाला १५ वर आला असता. कागदावर गरीब, तेही एकही एरर न येता.

म्हणून डेटा उतरवाल तेव्हा लेआउट त्याच फोल्डरात ठेवा. वाचून झाल्यावर दहा ओळी हाताने ताडून बघा आणि एकूण कुटुंबं छापील अहवालाशी जुळवा. त्या ओळीतल्या घराने एका परक्या माणसाला आपला महिन्याचा खर्च सांगितलाय. तो नीट वाचणं एवढंच आपलं काम.