बराकीतील मैफल

मोजक्या वादकांसाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य संगीताला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. चेंबर म्हणजे दालन. अशा मैफलीला लहानसे सभागृह, जाणकार श्रोते आणि शांतता हवी, असा समज आहे. विसाव्या शतकातील या प्रकारच्या एका श्रेष्ठ रचनेचे पहिले वादन मात्र युद्धकैद्यांच्या छावणीत, लाकडी बराकीत झाले. दिवस १५ जानेवारी १९४१, स्थळ जर्मनीतील ग्योर्लिट्झजवळची ‘स्टालाग ८-अ’. आज ती जागा पोलंडच्या हद्दीत आहे.

रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८-१९९२) हे पॅरिसच्या त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक व श्रद्धावान कॅथोलिक. १९४० साली फ्रान्स कोसळला तेव्हा ते शत्रूच्या हाती सापडले. चेलोवादक एतियेन पास्किए आणि क्लॅरिनेटवादक आन्री आकोका सोबत होते. नान्सीजवळच्या उघड्या मैदानात मेसियाँ यांनी एकट्या क्लॅरिनेटसाठी एक भाग लिहिला. स्टँड नव्हता, म्हणून पास्किए कागद धरून उभे राहिले. हे आपल्याला जमायचे नाही, अशी आकोकांची कुरकुर चालूच होती; पण त्यांनी तो वाजवला.

छावणीत जाँ ल बुलेर हे व्हायोलिनवादक भेटले. ब्रूल नावाच्या जर्मन पहारेकऱ्याने कागद व पेन्सिली पुरवल्या. पियानो जुनाट, पट्ट्या अडकून बसणारा. अशा वाद्यांसाठी आठ भागांचे ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ सिद्ध झाले. काळ यापुढे उरणार नाही अशी शपथ वाहणारा, प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील देवदूत हे त्याचे प्रेरणास्थान.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. पहिल्या भागात पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश हे तीन देशी ताल गुंफलेले आहेत. ते शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले, आणि शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवराजा सिंघणाच्या पदरी होता. मेसियाँ यांना हे ताल एका फ्रेंच संगीतकोशात सापडले होते. देवगिरीला नोंदलेली लय सातशे वर्षांनी कुडकुडणाऱ्या कैद्यांपुढे वाजली, आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुधा कोणालाच त्याचा पत्ता नव्हता!

त्या संध्याकाळी बाहेर बर्फ होते. पुढच्या रांगेत जर्मन अधिकारी, मागे कैदी. पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असे मेसियाँ पुढे सांगत. पास्किए यांना ते मान्य नव्हते. तारा चार होत्या, आणि त्या बराकीत फार तर चारेकशे माणसे मावत, असे ते म्हणत. चेलो ज्यांच्या हाती होता त्यांची साक्ष मला अधिक पटते. शेकडो थकलेली, अर्धपोटी माणसे इतके अनोळखी संगीत स्तब्धपणे ऐकत बसली, एवढे पुरेसे नाही काय? त्यावर आणखी शून्ये चढवण्याची गरजच नव्हती.

फेब्रुवारी १९४१ मध्ये मेसियाँ व पास्किए यांची सुटका झाली. आकोका ज्यू होते. त्यांना मागे ठेवण्यात आले. प्रभू येशूच्या अनंतत्वाचे व अमरत्वाचे स्तवन करणाऱ्या त्या रचनेतला पक्ष्यांचा स्वर याच ज्यू माणसाच्या श्वासातून उमटला होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, कैद्यांना दुसरीकडे हलवले जात असताना, क्लॅरिनेट काखेत धरून त्यांनी धावत्या गाडीतून उडी टाकली आणि ते वाचले. त्यांच्या वडिलांचा अंत ऑशविट्झमध्ये झाला.